मार खाणारी वस्तू

ढोलकी, धोब्याचा दगड आणि कराटेचे पॅड या तीन वस्तूंचा जन्मच मार खाण्यासाठी आहे. पहिल्या दोन टिकतात. तिसरी मात्र फार पारखून घ्यावी लागते.

मी कराटे शिकते म्हटले की काहींना हसू येते. पण आमच्या कर्जत तालुक्यात हा हसण्याचा विषय नाही. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीची घटना घडली, तेव्हा मी पाचवीत होते. त्यानंतर घरोघरी मुलींच्या शाळेचा प्रश्न निघाला, आमच्याही निघाला. "शिकू द्या तिला, पण हातपाय चालवायलाही शिकू द्या," असे आई अण्णांना म्हणाली. म्हणून आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच!

चांगले पॅड म्हणजे अण्णांची तीन-चार दिवसांची मजुरी. तेव्हा आम्ही पाचजणींनी वर्गणी काढली आणि सरांना विचारून पारख शिकलो. पॅडचा रंग पाहू नये, शिवण पाहावी. पट्टा जिथे जोडलेला असतो तिथेच ते आधी उसवते. तिथे दुहेरी शिवण हवी. चकचकीत हलके रेक्झिन घडीवर तडकते. जाड कॅनव्हास दिसायला गबाळे, पण टिकाऊ. आतला फोम अंगठ्याने दाबावा. तो चटकन वर आला नाही, तर लाथ थेट धरणारीच्या हाडाला पोचते. खरे म्हणजे पॅड मारणारीसाठी नसतेच, धरणारीसाठी असते!

ओकिनावातील कराटेपटू गवताची दोरी गुंडाळलेल्या फळीवर ठोसे मारत. तिला 'माकिवारा' म्हणतात. मग आम्हीच का लाजावे? वर्गणीत एकच पॅड बसले. बाकीच्या सरावासाठी तागाचे पोते घेतले. वाळू तळाशी बसून दगडासारखी घट्ट होते आणि मनगट दुखावते. म्हणून चिंध्या ठासून भरल्या. आईने आपली दोन जुनी लुगडी दिली. बाजारातल्या चप्पल शिवणाऱ्या काकांनी पोत्याचे तोंड शिवले आणि पैसे घेतले नाहीत.

आता आम्ही आळीपाळीने पॅड धरतो. मारायला सगळ्यांनाच आवडते. पण समोरचीचा मार झेलत पाय रोवून उभे राहणे, हे मला अधिक कठीण वाटते. आईने ते आधीच केले आहे.