पुसलेले नाव

दिवाळीची झाडलोट सुरू झाली, की आईच्या तडाख्यातून घरातली एकही वस्तू सुटत नाही. वडिलांचा रेडिओसुद्धा नाही. मागची फळी काढून आतले काचेचे व्हॉल्व्ह एकेक उपसायचे आणि ओल्या फडक्याने लख्ख पुसायचे, हे तिचे जुने व्रत. त्यापायी व्हॉल्व्हवरची छापील नावे केव्हाच धुऊन निघाली.

गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर रेडिओ खरखरू लागला. वडील जाऊन फार वर्षे झाली. पण तो वाजला म्हणजे आईला ते घरातच कुठेतरी आहेत असे वाटते. मी आवाजाच्या टप्प्याचा ईएल८४ व्हॉल्व्ह उपसला. नऊ पायांचा, उघडाबोडका, निनावी! दोष याचाच, असे मी ठरवून टाकले. पदवी नसलेल्या माणसावर आपण असाच चटकन संशय घेतो.

एका दुकानदाराने ‘जुना विलायती माल’ म्हणून तसाच व्हॉल्व्ह हाती ठेवला. त्यावर ठसठशीत ‘मुलार्ड’! मी मागितले तेवढे पैसे मोजले आणि तो बसवून घ्यायला रेडिओ बुधवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेला.

त्यांनी दोन्ही व्हॉल्व्ह दिव्याखाली तिरके धरले. “छापलेलं नाव काय वाचता? बुडाजवळची काच बघा.”

निनावी व्हॉल्व्हच्या काचेवर करडी, बारीक अक्षरे कोरलेली होती : बी१बी३. पहिला बी म्हणजे इंग्लंडातला ब्लॅकबर्नचा कारखाना, १ हा सालाचा शेवटचा आकडा, पुढचा बी फेब्रुवारीचा आणि ३ म्हणजे तिसरा आठवडा. माझ्या ऐटबाज पाहुण्याला असली जन्मखूण नव्हती. ब्लॅकबर्नचे काम थांबल्यावर ते नाव दुसऱ्यांच्या हाती गेले आणि रशियातल्या सारातोव्ह शहरी बनलेल्या नव्या व्हॉल्व्हवरही रीतसर छापले गेले.

“हाही वाईट नाही,” कारागीर म्हणाले, “वाजेल चांगला. पण नातू दाखवून आजोबांची किंमत घेतलीय तुमच्याकडून.”

जुन्याच्या माथ्यातला रुपेरी लेप शाबूत होता. आत हवा शिरली असती तर तो पांढरा पडला असता. दोष निघाला सॉकेटच्या गंजात. तो साफ होताच रेडिओ खणखणीत वाजला, आणि मला घाम फुटला. तो व्हॉल्व्ह मी कचऱ्यात टाकणार होतो!

पण साल १९६१ की १९७१? एका आकड्यावरून दशक कळेना. घरी येऊन आईला विचारले.

“अरे, पानशेत फुटलं त्याच वर्षीची दिवाळी! घरातलं सारं वाहून गेलं होतं. हे भांडी आणायला म्हणून गेले, आणि रेडिओ घेऊन आले!”

म्हणजे १९६१. काचेने आकडा दिला, दशक आईने.

यंदाही तिने फडके काढले. मी म्हटले, “जपून गं!”

“नाव राहिलंय कुठे पुसायला?” ती म्हणाली, आणि व्हॉल्व्ह लख्ख करून जागच्या जागी बसवला.