आधी उंची वजा कर

प्रिय मंदार,

जीप काळा धूर फेकते, चढाला ओढत नाही, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, आणि लेहच्या मेकॅनिकनं हेड उघडायला सांगितलंय, असं तू लिहितोस. हेडला एवढ्यात पाना लावू देऊ नकोस. हे इंजिन साताऱ्याहून निघताना खणखणीत होतं, तेव्हा आधी उंची वजा कर. मग जे उरेल ते दुखणं.

लेह 3500 मीटरवर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. तुझ्या एमएम 540 ला टर्बो नाही, आणि पंप डिझेल सोडतो तो इथल्या हवेच्या हिशोबानं. हवा कमी, डिझेल तेवढंच. मग न जळलेलं काळं होऊन बाहेर पडतं आणि पिकअपही जातो. पंपाचं डिझेल थोडं कमी करून घेता येतं, पण ते पंपवाल्याकडूनच, आणि खाली उतरलास की पुन्हा जागेवर आणायचं. त्याआधी एअर फिल्टर मात्र आजच उघड. तिथली धूळ मैद्यासारखी बारीक असते, आणि फिल्टर तुंबला की आधीच कमी असलेली हवा आणखी कमी होते.

सकाळच्या त्रासाचं मूळ मला हीटर प्लगमध्ये दिसतं. एकेका प्लगची वायर सोडव, टेस्ट लॅम्पची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी प्लगच्या टोकाला लाव. दिवा लागला नाही तर तो प्लग गेला. चारातले दोन गेले तरी थंडीत इंजिन हटून बसतं. सुरू झाल्यावर पांढरा, डिझेलच्या वासाचा धूर येतो आणि गरम झाल्यावर जातो, तोवर घाबरू नकोस.

टाकीत खालून भरून नेलेलं डिझेल असेल, तर कडक थंडीत त्यात मेण धरतं आणि फिल्टर अडतो. इंडियन ऑइलनं 2019 च्या नोव्हेंबरात लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं, तेच भर. इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर कुठंतरी एअर धरली आहे. पाइपांच्या जोडांवर ओल दिसते का बघ. मग फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू ढिला करून हातपंप मार. बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की आवळ.

गरम होण्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस, तरी सांगतो. लेहला उघडं पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरमधलं पाणी त्याच्या टोपीच्या दाबावर टिकून असतं, म्हणून टोपीचं रबर कडक झालं असेल तर नवी बसव. इंजिन गरम असताना टोपीला हात लावू नकोस, मंदार, भाजल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

हेड उघडायची वेळ कधी येते? इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला, पाणी रोज कमी होऊ लागलं, डिपस्टिकवरचं ऑइल दुधट दिसलं, तर गॅस्केट गेली समज. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मग रिंगांचा विचार करू.

उद्या पहाटे, इंजिन पूर्ण गार असताना, सेल्फ मारतानाचा आवाज रेकॉर्ड करून पाठव. इंजिन जोरात फिरतं की रडत फिरतं, एवढं ऐकलं की बॅटरीचा सोक्षमोक्ष लागेल.

तुझा,
बाळू