मुठीतली पोकळी

स्मिथ अँड वेसनचं जुनं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की पहिली कुरकुर मधल्या बोटाची असते. चापाभोवतीचं कडं, म्हणजे ट्रिगर गार्ड, आणि मुठीची पुढची कड यांच्यामध्ये एक रिकामी जागा राहते. पेरभर असेल. बोट तिथं टेकायला जातं आणि अधांतरी राहतं. गोळी सुटली की हत्यार मागं येतं, वर उसळतं, पकड सरकते आणि कड्याची मागची बाजू नेमकी त्याच बोटाच्या सांध्यावर आदळते. पॉइंट ३८ स्पेशलला हे चालून जातं. पॉइंट ३५७ मॅग्नमच्या पन्नास गोळ्या झाडल्या, तर संध्याकाळी चहाचा कप धरताना आठवण येते.

ही पोकळी काही कुणाच्या नजरचुकीनं राहिलेली नाही. १८९९ मध्ये कंपनीनं मिलिटरी अँड पोलीस हे मॉडेल काढलं, तेव्हाच्या गोळीला तेवढी मूठ पुरत होती. मग १९३५ मध्ये मॅग्नम आली. मूठ मागून वर चढवून घेतलेले 'मॅग्ना' नावाचे लाकडी पल्ले तिच्यासोबत आले, पुढची पोकळी मात्र तशीच राहिली. ती बुजवायला मग एक इवलासा जोड निघाला : ग्रिप अडॅप्टर. कंपनीनं स्वतःचा काढला, लॉस एंजेलिसच्या पॅकमायरनं काढला, ओक्लाहोमा सिटीच्या मेल्विन टायलरचा 'टी-ग्रिप' तर या प्रकाराचं जवळजवळ सामान्यनाम होऊन बसला. दिसायला अंगठ्याएवढा ठोकळा. त्याला पातळ पत्र्याचे दोन कान असतात. मुठीचा स्क्रू सैल करायचा, कान लाकडी पल्ल्यांखाली सरकवायचे, स्क्रू पुन्हा आवळायचा. हत्यारावर एक ओरखडाही उठत नाही, आणि बोटाला बसायला जागा मिळते.

या ठोकळ्याची ऑर्डर ओहायोत राहणाऱ्या एका सांगलीकरानं दिली, तेव्हा त्याला वाटलं होतं की हे पंधरा दिवसांचं काम आहे. माणूस टूल अँड डायच्या धंद्यातला. तीस वर्षं साचे बनवण्यात गेलेली. त्यामुळं कुठल्या कामाला किती वेळ लागतो, हे आपल्याला कळतं असा त्याचा पक्का समज. ज्याच्याकडे ऑर्डर दिली, तो दुसऱ्या राज्यात एकट्यानं वर्कशॉप चालवणारा कारागीर. किंमत दोघांच्या साध्या जेवणाएवढी. पैसे त्याच दिवशी कार्डावरून गेले. 'सहा ते आठ आठवडे' असं उत्तर आलं.

आठ आठवडे गेले. चौथ्या महिन्यात त्यानं फोन केला, तर पलीकडून यंत्र बोललं. सहाव्या महिन्यात पत्र लिहिलं. साधं, आर्जवी, शेवटी धन्यवाद वगैरे. आठव्या महिन्यातलं पत्र इतकं साधं नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, हा तर आपल्या गावभागातल्या शिंप्यासारखाच निघाला. दसऱ्याचा सदरा संक्रांतीला." अकराव्या महिन्यात एक खाकी पाकीट आलं. आत ना चिठ्ठी, ना दिलगिरी. तो ठोकळा होता. बसवला आणि कागदाची घडीही जाणार नाही असा बसला. तिथंच खरी पंचाईत झाली. माल वाईट असता, तर राग धरून ठेवता आला असता.

अमेरिकेत या बाबतीत कायदा मोघम नाही. टपालानं माल विकणाऱ्यांसाठी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७५ मध्येच नियम केला. पुढं त्यात फोनवरची आणि इंटरनेटवरची विक्रीही आली. माल कधी पाठवणार ते सांगितलं असेल तर त्या मुदतीत, सांगितलं नसेल तर तीस दिवसांत पाठवायचा. जमत नसेल तर आपणहून कळवायचं, नवी तारीख द्यायची आणि ऑर्डर रद्द करून पैसे परत घेण्याची मुभा गिऱ्हाइकाला द्यायची. उशीर करू नकोस असं हा नियम म्हणतच नाही. गप्प बसू नकोस, एवढंच त्याचं म्हणणं. उलट बाजूला गिऱ्हाइकासाठी १९७४ चा क्रेडिट कार्डाच्या बिलांबद्दलचा कायदा आहे, त्यात लेखी तक्रारीला पहिलं बिल पाठवल्यापासून साठ दिवस मिळतात. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. वायदा मोडला हे कळेपर्यंत तक्रारीची मुदत संपत आलेली असते. हा हिशेब सांगलीकरानं मांडला तेव्हा तो बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. कारागिरानं तो मुद्दाम जुळवला असेल असं त्याला वाटलं नाही. ज्याला टपालाची तिकिटं लावायला वेळ नाही, तो एवढं कसलं गणित करतोय?

दुसरं गणित मात्र सांगलीकराच्या धंद्यातलं होतं. असा ठोकळा साच्यात ॲल्युमिनियम ओतून केला, तर फाउंड्रीला लॉट लागतो. वीस नगांसाठी भट्टीवाला कुणाला दारात उभं करत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावला विचारून बघा, तिथंही हेच ऐकाल. म्हणून ऑर्डरी साठेपर्यंत थांबायचं. त्यात ऑर्डरी एका मापाच्या नसतात. छोटी जे फ्रेम, मधली के, मोठी एन. कोल्टची मापं आणखी निराळी. एकाच फ्रेममध्ये चौकोनी तळाची मूठ वेगळी आणि गोल तळाची वेगळी. चाळीस ऑर्डरी जमल्या तरी त्या सात-आठ साच्यांत विखुरलेल्या. ज्याचं माप चालतं, त्याचा नंबर लवकर लागतो. ज्याचं रिव्हॉल्व्हर दुर्मिळ, तो बसला. ओतून आल्यावर प्रत्येक नगाची धार कानशीनं मोडायची, कान रिव्हेटनं बसवायचे, बफिंग करायचं. यातलं काहीच अवघड नाही. पण हे सगळं करणाऱ्यालाच फोनही घ्यायचा असतो.

मग मोठ्या कंपन्या हे का करत नाहीत? करतात, पण त्यांच्या पद्धतीनं. लॉस एंजेलिसचे पोलीस गाय होग यांनी १९६८ मध्ये मुठी बनवायला सुरुवात केली. आज त्या नावाच्या रबरी मुठी जगभर मिळतात. क्रेग स्पेगल या कारागिरानं लाकडात बसवलेली आखूड 'बूट ग्रिप' अंकल माइक्स या कंपनीनं साच्यात घालून काढली आणि ती ढिगानं विकली गेली. इंजेक्शन मोल्डचा खर्च काय असतो, हे आमच्या सांगलीकराइतकं कुणाला ठाऊक? तो वसूल व्हायला हजारो नग खपावे लागतात, आणि हजारोंनी खपणारी रिव्हॉल्व्हरं आता मोजकीच. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली, दोन एजंट मारले गेले, आणि त्यानंतर पोलिसांच्या कमरेवरून रिव्हॉल्व्हर झपाट्यानं उतरलं. सेल्फ-लोडिंग पिस्तुलं आली. चौकोनी तळाची के फ्रेम उरली ती हौशी लोकांच्या कपाटात आणि आजोबांच्या खणात. तिच्यासाठी मोठी कंपनी साचा कशाला उघडेल?

वाट बघायला लावण्याची परंपरा तशी जुनीच आहे. १९३५ चं मॅग्नम स्मिथ अँड वेसननं आधी गिऱ्हाइकाच्या मापानं आणि नोंदणीपत्रासह द्यायचं ठरवलं. किंमत साठ डॉलर, पहिलं गेलं एफबीआयच्या जे. एडगर हूवरना. ऐन मंदीत एवढं महाग हत्यार घेणार कोण, असं वाटलं होतं, पण ऑर्डरी आवरेनात. पाच हजारांवर थोडी झाली आणि १९३९ मध्ये नोंदणीचा प्रकार थांबवला. त्याच काळात वॉल्टर रोपर मुठी आखायचे आणि मॅथियास गॅग्ने त्या हातानं घडवायचे. आयडाहोतल्या ट्विन फॉल्सचे हेरेट तर गिऱ्हाइकाकडून तळहाताचा आराखडा मागवायचे : कागदावर हात ठेवा, भोवती पेन्सिल फिरवा, पाठवून द्या.

हे सगळं वाचता वाचता सांगलीकर स्वतःच त्यात पडला. संध्याकाळी गॅरेजमध्ये लाकडी मुठी करायला लागला. आधी स्वतःसाठी, मग क्लबातल्या मित्रासाठी, मग मित्राच्या मित्रासाठी. अमेरिकेच्या कायद्यात बंदूक म्हणजे तिची फ्रेम. मूठ हा नुसता लाकडाचा तुकडा, साध्या टपालानं जातो. हेरेटसारखे हाताचे आराखडे मागवायची कल्पना त्यालाही आवडली. पहिल्या तीन मुठी जाड झाल्या. चूक कुठं होती ते नंतर कळलं : लोक पेन्सिल तिरकी धरतात, आणि हात कागदावर फुगतो. आता तो आराखड्यासोबत मधल्या बोटाची लांबी फूटपट्टीनं मोजून मागतो.

लाकडाचं वेगळंच. अक्रोड मिळतो. सांगलीकराचा जीव मात्र शिसवीत. सह्याद्रीतली शिसव, घरच्या देव्हाऱ्याची आणि पाटांची, तिकडच्या बाजारात इंडियन रोजवुड म्हणून विकली जाते. २०१७ च्या जानेवारीत शिसवीच्या साऱ्या कुळावर धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारासाठीच्या साइट्स कराराची बंधनं आली आणि सीमेपलीकडे एक मूठ पाठवायची तरी परवान्याचे कागद लागू लागले. २०१९ मध्ये तयार वस्तूंना दहा किलोंपर्यंत सूट मिळाली, पण कच्च्या फळीला नाही. शिवाय शिसव तेलकट, सरस धरत नाही, भुशानं मनगटावर पुरळ येतं. जाड फळी वाळायला साधारण इंचाला वर्ष. ओल्या लाकडाची मूठ केली, तर हिवाळ्यात हीटर लागला की पल्ला फ्रेमपासून केसभर सुटतो, आणि तो केस त्याला झोपू देत नाही. आतली बाजू फ्रेमवर बसवताना रंग लावायचा, दाबायचा, जिथं डाग उठेल तिथं खरवडायचं. पुन्हा रंग. एका जोडीला हे तीस-चाळीस वेळा होतं. वरची चौकडीची नक्षी इंचाला वीस रेघांनी काढायची, आणि एकोणिसावी रेघ चुकली तर जोडी भंगारात.

दुसऱ्या वर्षी त्याच्या वहीत सतरा नावं झाली. सर्वांत जुनं नाव नऊ महिन्यांपूर्वीचं. एका संध्याकाळी फोन वाजला, नंबर ओळखीचा होता, आणि त्यानं तो वाजू दिला. बायको दारात उभी होती. काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

त्या रात्री त्यानं सतराही जणांना लिहिलं. तीन ओळी : तुमचं लाकूड कुठपर्यंत आलंय, माझा अंदाज काय, नको असेल तर पैसे लगेच परत. चौदा जण म्हणाले थांबतो. दोघांनी पैसे घेतले. एकाचं उत्तर आलं नाही. तेव्हापासून तो आगाऊ पैसे घेत नाही. मूठ तेलाच्या शेवटच्या हाताला आली की बिल पाठवतो. वेग वाढला का? नाही. उलट पत्रं लिहिण्यात महिन्याचा एक शनिवार जातो, म्हणजे तेवढी कामं आणखी मागं. पण फोन आता तो उचलतो.

मागच्या हिवाळ्यात त्यानं एक जुनं कोल्ट घेतलं. मुठीपुढं तीच पोकळी, माप निराळं. या फ्रेमचा अडॅप्टर त्याला पुन्हा त्या जुन्या कारागिराकडेच मिळाला. फॉर्म भरला, कार्डाचा नंबर दिला, पैसे त्याच दिवशी गेले. वहीत कोल्टच्या नावापुढं त्यानं पेन्सिलनं तारीख लिहिली, आणि तिच्यापुढं अकरा महिन्यांनंतरची दुसरी. बायकोनं वाचलं आणि विचारलं, "याला तुम्ही तीन ओळी लिहायला शिकवणार की नाही?"

त्यानं एक पोस्टकार्ड काढलं, पत्ता लिहिला, आणि मजकुरावर अडला.