पूर्णा जंक्शनला घर घ्यावं का?

नोकरी नांदेडला, पण तिथल्या फ्लॅटचे भाव ऐकून बीपी वाढतंय? मग परभणी जिल्ह्यातलं पूर्णा एकदा बघाच. इथून नांदेड साधारण ३० किलोमीटर, परभणीही जवळपास तेवढंच.

हे गाव वाढलं ते रेल्वेवर. मीटरगेजच्या जमान्यात इथे वाफेच्या इंजिनांची शेड होती. ड्रायव्हर, गार्ड, फिटर यांच्या पगारावर बाजार चालायचा. मग ब्रॉडगेज आलं, २००३मध्ये नवं डिव्हिजन झालं ते नांदेडला, २००८मध्ये अकोला लाइनही बदलली. गाड्या राहिल्या, शेडमधली ती कामं गेली.

प्लस पॉइंट? तीन दिशांना गाड्या आणि परभणी-मुदखेड आता डबल लाइन. मायनस? मॉल-मल्टिप्लेक्सची हौस असेल तर नांदेडच गाठा. गाडी लेट झाली की तुम्हीही लेट!

आमचा सल्ला : आधी वर्षभर भाड्याने राहा. जमलं तर घर घ्या, पण नुसतं झोपायला येऊ नका. किराणा, शिंपी, मुलांची शाळा इथलीच धरा. पगार नांदेडचा असला तरी खर्च इथे झाला, तरच हे गाव पुन्हा उभं राहील. नाहीतर जंक्शनचा नुसता थांबा होईल.