एक वही, अनेक हात

कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेच्या दर्शनास जावयाचे ठरले, की आम्हां हैदराबादकरांची पहिली यात्रा होई ती सिकंदराबादेच्या आरक्षण-खिडकीपर्यंत. पूर्वी जागांची नोंद वहीत होत असे. वही एका कारकुनाच्या हाती असली, म्हणजे दुसऱ्याने स्वस्थ बसावे. रांग लांबे; पण एक जागा दोघांस दिली जाण्याचे भय कमी असे.

१९८५ साली दिल्लीत संगणकाद्वारे आरक्षण सुरू झाले. पुढे सप्टेंबर १९९४ मध्ये ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली प्रथम आमच्या सिकंदराबादेस आली, आणि एप्रिल १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे परस्परांस जोडली गेली. आता वही जणू एकच, आणि तीत लिहिणारे हात मात्र सहस्रावधी!

येथेच खरी अडचण आहे. दोन खिडक्यांवर एकाच क्षणी तोच बर्थ रिकामा दिसला आणि दोघांनीही नाव लिहिले, तर काय व्हावे? म्हणून जागा पाहणे व नाव लिहिणे ही एकच अखंड क्रिया मानतात. ती पुरी होईतो त्या नोंदीस कुलूप असते. मध्येच खंड पडला, तर अर्धवट लिहिलेले पुसून पूर्वस्थिती आणतात. डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६५ सालीच या एकेकट्या प्रवेशाचा प्रश्न मांडून सोडविला होता.

कुलुपाचेही संकट असतेच. एकाने जाण्याची वही धरली, दुसऱ्याने येण्याची, आणि दोघेही एकमेकांची वही मागत बसले, तर कोणीच हलणार नाही. सर्वांनी वह्या एकाच क्रमाने घ्याव्यात, हा त्यावर एक सोपा उपाय. शिवाय कुलूप क्षणभरच असावे. गाभाऱ्यापुढे दर्शन घेऊन पुढे सरणारा भक्त मागच्यांचा दुवा घेतो. तेथेच रेंगाळणारा सर्वांना तिष्ठत ठेवतो.

आमच्या वृद्ध आत्याबाईंना खालचाच बर्थ लागे. एकदा शेवटचा तसला बर्थ शेजारच्या खिडकीवरील अनोळखी गृहस्थांस आमच्याआधी मिळाला. आत्याबाई हळहळल्या, यात्रा आठ दिवस लांबली. परंतु तोच बर्थ आम्हांसही दिला गेला असता, तर मध्यरात्री त्यांना सामानासह उठावे लागले असते. वाचकहो, गाडीतील खोट्या होकारापेक्षा खिडकीवरील स्पष्ट नकार आम्हांस अधिक दयाळू वाटतो.