शुक्रवारचं देऊळ

शारजाहचं विमान नागपूरला भल्या पहाटे उतरतं. बॅगेत खजूर, टँगचे डबे, आईसाठी बाम. गाडी मंगरूळपीरहूनच मागवली होती. ड्रायव्हर गावातलाच, मुस्लिम, तिशीतला. समृद्धी महामार्गाला लागताच त्यानं विचारलं, "दादा, तिकडं राहता तं मक्का पाहून झालं असन तुमचं?" त्याला अब्बांना उमराहला न्यायचं होतं. म्हटलं, मक्का सौदीत, मी दुबईत. शिवाय आम्हाला तिथं प्रवेश नाही.

"हो, थे बी हायेच," तो म्हणाला. "मंग तुमचा देव कुठी राह्यते तिकडं?"

सांगता सांगता वर्धा मागं पडलं. बर दुबईचं जुनं देऊळ 1958 सालचं होतं. एक दिरहम देऊन अब्र्यानं, म्हणजे होडीनं, खाडी ओलांडायची, कापडबाजारामागच्या बोळात हार घ्यायचा. शेजारीच मोठी मशीद. पूर्वी सुटी शुक्रवारची, म्हणून सगळी गर्दी त्याच दिवशी: बाहेर जुम्म्याची नमाज, आत दर्शनाची रांग. जानेवारी 2022 पासून सरकारी आठवडी सुटी शनिवार-रविवार झाली आणि आमचा देवाचा वारही सरकला. त्याच ऑक्टोबरात जबल अलीला चर्च आणि गुरुद्वाऱ्याच्या शेजारी नवं देऊळ उघडलं. सुरुवातीला तिथं मोबाइलवर वेळ घेऊन दर्शन होतं. ऐसपैस आहे, देखणं आहे. मला मात्र बोळातलंच बरं वाटायचं.

खोलीतला देव याहून लहान. कपाटाच्या वरच्या फळीवर दत्ताची तसबीर आणि विजेचा दिवा. उदबत्तीचा पुडा नुसता ठेवलेला. पेटवली तर छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायचा. रमजानात कामाचे दोन तास कायद्यानं कमी होतात, रोजा असो वा नसो. आम्हीही दिवसा चारचौघांत पाणी पीत नाही. मगरिबला मशिदीबाहेर चटया पसरतात. खजूर हातात ठेवणारा कोण कुठला विचारत नाही. खोलीतला केरळी मुसलमान सहरीला उठतो तो अंधारात चाचपडत, आमची झोप मोडू नये म्हणून.

खरं सांगायचं तर गावी मी एवढा देवदेव करणारा नव्हतो. मंगरुळात बिरबलनाथ महाराजांचं संस्थान आहे आणि गावाच्या नावातच पीर. दोघंही कायम तिथंच, मग घाई कशाची? तिकडं देवासाठी सुटी, बस आणि सोबत जमवावी लागते, म्हणून तर जाणं होतं.

कारंजा आलं. नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. एरवी महामार्गावरूनच हात जोडले असते. या खेपेला गाडी आत घ्यायला लावली. गुरुमंदिरात मधल्या वारी गर्दी नव्हती. एक म्हातारी खांबाला टेकून लसूण सोलावा तशा निवांतपणे जप करत होती. मला कुणी अडवलं नाही, मोबाइल दाखवा म्हटलं नाही. बसलो तो बसलोच. बाहेर ड्रायव्हरचे दोन चहा झाले.

शेलूबाजारला समृद्धी सोडली. घरी पाय धुतो न धुतो तोच आई म्हणाली, "तुह्या व्हिजासाठी पिराले चादर बोलली होती मी, अन् नाथाले नारळ. दोन्ही राह्यलंच."

बॅगा उतरवता उतरवता ड्रायव्हर म्हणाला, "चादर तुमी घेऊ नका, माय. तुमाले महाग लावतीन. मी आनतो."