दादाचं फ्लायव्हील

फ्लायव्हील म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? टर्निंग मोमेंट डायग्राम आणि पंचिंग प्रेसचं ते हमखास येणारं गणित, बरोबर? मीही ते पाठ केलं, पेपरात उतरवलं आणि पेपर संपल्यावर विसरलो. खरं फ्लायव्हील माझ्या गळ्यात पडलं ते थर्ड इयरला, दिवाळीची सुट्टी संपवून होस्टेलवर आल्यावर. तेही फोनवरून.

माझा चुलतभाऊ कॅलिफोर्नियात असतो. तिथे त्याने १९९४ सालची माझदा मिआटा घेतली आहे. दोन सीट, उघडणारं छप्पर, १.८ लिटरचं इंजिन आणि वजन जेमतेम एक टन. गाडीचा क्लच घसरायला लागला होता. क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मग उतरवलाच आहे तर हलकं फ्लायव्हील टाकून घ्यावं, असं साहेबांच्या मनात आलं.

"तू मेकॅनिकलला ना? मग सांग, कुठलं घेऊ?"

त्याच्यापुढे चार वाटा होत्या. मूळचं बिडाचं साधारण आठ किलोचं तसंच ठेवायचं. किंवा पोलादी घ्यायचं, पाच किलोच्या आसपास. किंवा अॅल्युमिनियमचं, चार किलोचं. त्यात क्लच प्लेट घासते तिथे पोलादी चकती बसवलेली असते, कारण नुसतं अॅल्युमिनियम तिथे टिकणार नाही. चौथी वाट स्वस्तातली : जुनंच चाक लेथवर लावून पाठीमागून उतरवून घ्यायचं.

अख्ख्या विंगमध्ये भाव खाल्ला मी. अमेरिकेहून कन्सल्टन्सी! मेसमधून चहा आणला आणि गणिताला बसलो.

गणित मात्र खरंच मजेशीर निघालं. चार किलो कमी झाले म्हणजे गाडी फक्त चार किलोने हलकी झाली, असं नाही. फ्लायव्हील इंजिनाबरोबर फिरतं, आणि पहिल्या गिअरमध्ये इंजिन रस्त्यावरच्या चाकापेक्षा जवळजवळ तेरा पट वेगाने फिरतं. त्या तेराचा वर्ग होतो. काढलेलं वजन मध्यापासून दहा सेंटिमीटरवर होतं असं धरलं, तर पहिल्या गिअरला वेग घेताना सुमारे ८० किलो कमी झाल्यासारखं वाटेल. म्हणजे शेजारच्या सीटवरचा माणूस उतरला! चौथ्या गिअरला मात्र तोच आकडा आठ किलोवर येतो. माणूस नाही, त्याची सॅक उतरली. हायवेला काही कळणारसुद्धा नाही. आणि वजन मध्याजवळून काढलं असेल तर पहिल्या गिअरचा फायदाही बराच आटतो. कॅटलॉगवाले किलो तेवढे ठळक छापतात, वजन कुठून काढलं ते सांगत नाहीत.

इथपर्यंत ठीक होतं. मग मी शहाणपणा केला. फिरत्या कड्यातला ताण म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. सूत्रात जाडी येतच नाही. ७००० आरपीएमला, १४ सेंटिमीटर त्रिज्येवर, आलं साधारण ७५ मेगापास्कल. साधं बीडसुद्धा २०० पर्यंत तग धरतं. जाडीचा संबंधच नाही, तर घे की उतरवून! रविवारी दादाला ठणकावून सांगितलं, "लेथवर घाल, पैसे वाचव." त्याने मंगळवारची वेळ ठरवूनसुद्धा टाकली.

सोमवारी वर्कशॉपमध्ये मामांना ही गोष्ट ऐकवली. खरं तर शाबासकीसाठीच. मामा काही बोलले नाहीत. भंगारातून एक जुनं फ्लायव्हील ओढून काढलं. घासलेटच्या फडक्याने पुसलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, मग कोरडं करून वर खडूची पूड चोळली. पाच-दहा मिनिटांत पांढऱ्यावर बारीक काळसर रेघा उमटायला लागल्या. क्लच घासून तापलेल्या निळसर डागांतून निघालेल्या, केसासारख्या. दोन तर बोल्टच्या भोकापर्यंत पोचलेल्या.

"ही तडे तुमच्या सूत्रात धरलीत काय?"

नव्हती धरली. सूत्र अखंड, निर्दोष कड्याचं होतं. क्लच घसरत असलेल्या तीस वर्षं जुन्या चाकाचं नव्हतं. आणि पाठीमागची थाळी पातळ केली की तेवढीच उष्णता कमी धातूत जाणार, म्हणजे चाक आणखी तापणार. वर ते ज्या कवचात फिरतं ते ड्रायव्हरच्या पायांपासून हातभर अंतरावर. शेजारच्या सीटवर वहिनी बसते.

त्या रात्री तिकडे सकाळ व्हायची वाट बघत जागा राहिलो. फोन लागल्यावर म्हटलं, "दादा, मी चुकीचं सांगितलं. लेथवर घालू नको." मला वाटलं होतं चिडेल. तो म्हणाला, "बरं. मग कुठलं?"

आता मात्र मी आधी प्रश्न विचारले, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. ट्रॅकवर नेणार का? नाही. रोज कुठे? ऑफिस, मुंगीच्या पावलाने चालणाऱ्या ट्रॅफिकमधून. अजून कोण चालवतं? वहिनी, आत्ताच क्लचची गाडी शिकतेय. हलक्या चाकात साठवलेली ऊर्जाच कमी. सिग्नलला क्लच जरा घाईने सोडला की इंजिन बंद. न्यूट्रलला गिअरबॉक्सही जास्त खुळखुळतो. म्हणून म्हटलं, अॅल्युमिनियम नको, पाच किलोचं पोलादी घे, आणि फ्लायव्हीलसाठीचं एसएफआय १.१ प्रमाणपत्र असलेलंच घे.

त्याने तेच घेतलं. पहिल्या आठवड्यात वहिनीने गाडी चारदा बंद पाडली आणि माझ्या नावाने खडे फोडले. दादा म्हणतो, उतारावर गिअर कमी करताना इंजिन कसं झटकन उचलतं! माझं गणित चौथ्या गिअरबद्दल काय म्हणतं ते मी त्याला सांगितलेलं नाही. एवढे पैसे घातलेत बिचाऱ्याने.

सबमिशनच्या दिवशी मामांनी जर्नलवर शिक्का मारता मारता विचारलं, "त्या अमेरिकेच्या चाकाचं काय झालं?"

"नवीन बसवलं, मामा. जुन्याचा दिव्याला बुडखा केलाय."

"चालतंय," मामा म्हणाले. "फक्त फिरवू नका म्हणावं."